तिचं माझ्यापाशी हाय

ये गं अर्चे, अशी इकडं जवळ ये. भिंतीला टेकून लांबून ऐकायची तुझी सवय मोड आता. गणपतीत लिंबागणेशला दर्शनाला येऊन गेलीस म्हणे. लेकीला जत्रेतल्या पाळण्यात बसवलंस, तिला फुगा घेतलास, सगळं कळलं मला. तिथून आपलं गाव काय लांब आहे का गं? तरी मावशीचा उंबरा तुला दिसला नाही. रागावले आहे मी. पण राग चुलीमागं सारला आणि लिहायला बसले, कारण आपल्या बाई गेल्या. तुला कुणी सांगितलं असेल तर ते मोटारसायकल चालूच ठेवून, घाईघाईत सांगितलं असेल. माणूस गेल्याचं असं सांगतात का? आणि हे बघ, हे दुसऱ्या कुणाकडून वाचून घेऊ नकोस. तुला वाचता येतं हे मला पक्कं ठाऊक आहे.

वाटणीच्या बाई. गाव त्यांना दुसऱ्या नावानं ओळखतच नव्हतं. दिवाळीची सुट्टी संपून शाळा भरली की आपल्या शाळेची हजेरी ऐकायला यावं माणसानं. समोर बसलेली पोरं मूठभर, पण बाई नावं सगळ्यांची घ्यायच्या. जे नाहीत त्यांचीही तितक्याच ठणठणीत आवाजात. "दत्ता!" म्हणायच्या. आता दत्ता कुठला असायला? तो आई-बापाबरोबर ऊस तोडायला गेलेला, कोल्हापूरकडं नाहीतर खाली कर्नाटकात, पाचटाच्या झोपडीत, कोपीत. पण कोपऱ्यातून बबन उठायचा आणि छाती काढून सांगायचा, "त्याचं माझ्यापाशी हाय, बाई." बाई मान हलवून पुढचं नाव घ्यायच्या. एकदा तपासणीला साहेब आले होते, ते गोंधळले. बबनला म्हणाले, "काय आहे तुझ्यापाशी?" बबन म्हणाला, "धडा, साहेब." "कुणाचा?" "दत्त्याचा." साहेबांनी बाईंकडं पाहिलं. बाईंनी अंबाड्यात खोवलेला खडू काढला आणि फळ्याकडं वळल्या. समजलं तर समजू दे, नाहीतर जाऊ दे, असा सगळा त्यांचा कारभार.

तो अंबाड्यातला खडू आठवतो ना? दुसऱ्या बायका गजरा माळतात, ह्या खडू माळायच्या. गेवराईहून पहिल्या एसटीनं यायच्या, फाट्यावर उतरून चालत. गंगथडीचं, गोदाकाठचं माणूस, काळ्या रानातलं, भरल्या पाण्यावरचं. आमच्या डोंगरपट्ट्यात आल्या तेव्हा त्यांना ठाऊकच नव्हतं की इथं दिवाळीनंतर गाव अर्धं रिकामं होतं. पहिल्या वर्षी सुट्टी संपवून आल्या, वर्गात शिरल्या आणि दारातच थांबल्या. मी व्हरांड्यात शाळेच्या खिचडीचे तांदूळ निवडत होते. मला म्हणाल्या, "मावशी, आज काही सण आहे का? पोरं कुठं गेली?" मी म्हटलं, "उसाला गेली, बाई. आता चैत्रात येतील, कारखाने बंद झाले की." बाई आत गेल्या, वाकून रिकाम्या बस्करांवरून हात फिरवत फिरवत सगळा वर्ग चालल्या. त्यांच्या आधीचे गुरुजी ती बस्करं गुंडाळून कपाटात टाकायचे. बाईंनी एकही उचलू दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पोरांना विचारलं, "शेजारीण गावाला गेली तर तिच्या तुळशीला पाणी कोण घालतं?" पोरं म्हणाली, आमची आई घालती. "आणि तिच्या कोंबड्या कोण झाकतं?" आमीच झाकतो. "मग दत्ता गावाला गेलाय. त्याच्या अभ्यासाला पाणी कोण घालणार?" तिथून सुरू झालं ते. उरलेल्या प्रत्येक पोरानं गेलेल्या एका पोराचं शिकणं सांभाळायचं. शेजारचं बस्कर त्याचं. गणित सोडवलं की एकदा आपलं, एकदा त्याचं. गोष्ट ऐकली की त्याला सांगायची आहे अशी ऐकायची. आणि ऊसतोडीची टोळी परत आली की ज्याचं त्याला देऊन टाकायचं, अगदी घासून परत दिलेल्या भांड्यासारखं. कुणाच्या तरी आईनं कुरकुर केली होती, दुसऱ्याचं शिकून माझ्या पोराचं डोकं शिणतं म्हणून. बाई तिला म्हणाल्या, "शिकलेलं उष्टं होत नाही, बाई. दोघांनी खाल्लं तरी ताट भरलेलंच राहतं."

पोरं मात्र ते फारच मनावर घ्यायची. बबन तर दत्त्याच्या वाटणीची छडीसुद्धा मागायचा. खिचडी वाढताना ताटली पुढं करून म्हणायचा, "मावशी, दत्त्याची बी वाढा, मी पोचवतो." पोचवायची कुठं, तर स्वतःच्या पोटात! एकदा दवाखान्याची गाडी आली, जंताच्या गोळ्या द्यायला. रांगेत बबन दोन्ही हात पसरून उभा. नर्सबाई म्हणाल्या, "दोन काहून रे?" "एक माझी, एक दत्त्याची. त्याचं माझ्यापाशी हाय." नर्सबाईंना हसू आवरेना. बाई पण हसल्या, मग त्याच्यापुढं खाली बसल्या आणि म्हणाल्या, "औषध असं वाटणीनं घेता येत नाही रे राजा. ते ज्याचं त्यालाच गिळावं लागतं." बबनचं तोंड उतरलं. "मग तिकडं दत्त्याला जंत झाले तर?" बाईंनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि बराच वेळ काढलाच नाही.  

आता तुझं ऐक. तू तिसरीत होतीस, त्या वर्षी दोन जादा टोळ्या भरल्या आणि गेलेली पोरं उरलेल्यांपेक्षा जास्त झाली. बाईंनी सगळ्यांना वाटून दिलं, तरी एक नाव उरलंच. तुझं. हजेरीत "अर्चना!" म्हणाल्या आणि कुणीच उठलं नाही. बाई दारात आल्या. मी कढईत पळी फिरवत होते. "मावशी, अर्चनाचं तुम्ही घ्या."

मला वाटलं, ताटलीबद्दल म्हणतायत. मग समजलं. मी म्हटलं, "बाई, थट्टा करता का? माझा हात पळीचा हाय." आमचं किराणा दुकान होतं तेव्हा मालक गेल्यावर मी ते चार वर्षं तोंडी हिशेबावर चालवलं आणि बुडवलं, हे साऱ्या गावाला ठाऊक. अक्षराची आणि माझी ओळख फक्त बिस्किटाच्या पुड्यावरची. बाई म्हणाल्या, "तुम्ही नाही म्हणालात तर त्या पोरीचं कुणापाशीच राहणार नाही. बघा." आणि आत निघून गेल्या. बघा म्हणे! त्या एका शब्दानं माझी त्या दिवशी खिचडी लागली गं. सगळ्या पोरांनी करपलेली खाल्ली.

दुसऱ्या दिवसापासून कढई उतरली की मी तुझ्या बस्कराशेजारी बसायला लागले. पोरांना काय, तमाशाच मिळाला. "मावशी, पाटी उलटी धरली!" "मावशी, पदर पुसायला न्हाई, फडकं घ्या!" बबन म्हणायचा, "बाई, मावशीनं पाढा चुकवला, ओणवं उभं करा." बाईंनी मला कसलीही सूट दिली नाही. उभं करून पाढे म्हणायला लावायच्या. मी अडखळले की म्हणायच्या, "मावशी, तुमचं चुकलं तर चालेल हो, पण हे अर्चनाचं आहे. दुसऱ्याची वस्तू नीट सांभाळावी." मग काय बिशाद! घरी जाऊन राखेत बोटानं गिरवायचे. नुसत्या माझ्यासाठी असतं तर पहिल्या आठवड्यात सोडून दिलं असतं, शपथ घेऊन सांगते. माझ्यासाठी कधी काही करायची मला सवयच नव्हती. पण तू तिकडं थंडीत पहाटे उसाचे शेंडे, वाढं, गोळा करत असशील, कडेवर धाकटा असेल, आणि मी इथं तुझा धडा सांडून ठेवला तर कसं दिसेल?

चैत्रात ट्रक आला. तू उतरलीस, केस तांबडे झालेले, हाताला पाचटाचे काप. बाईंनी तुला घरी जायच्या आधी शाळेतच आणलं आणि बस्करावर बसवलं. "मावशी, हिचं हिला द्या." मी तुझं बोट धरलं आणि पाटीवर फिरवलं.  पलीकडं बबन दत्त्याला दरडावत होता, "नीट बस बे! तुझ्यापायी मला सगळे पाढे दोनदा म्हणावे लागले." महिनाभर शाळेत नुसती घुसळण. घेणारे आणि देणारे.

बाईंचा आणखी एक नियम होता, तो मला फार आवडायचा. परत आलेल्या पोरानंही काहीतरी द्यायचं. "उसातून आलेलं पोर रिकाम्या हातानं येत नाही," म्हणायच्या. दत्त्यानं मोळी कशी बांधतात ते शिकवलं, बाईंनी ती मोळी घेऊन साऱ्या वर्गाला दहाच्या गठ्ठ्यांची बेरीज शिकवली. आणि तू उभी राहिलीस, मान खाली, पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत, आणि हळूच म्हणालीस, "वंदु, येरडु, मूरु." कानडीतलं एक, दोन, तीन. बाईंनी खडू काढला आणि तू बोलत गेलीस तसं फळ्यावर लिहीत गेल्या. बाई तुझ्याकडून शिकत होत्या, अर्चे. तुझा चेहरा तेव्हा कसा झाला होता, ते तुला दिसलं नाही. मला दिसलं.

चार वर्षं असंच चाललं. दर दिवाळीला तू जायचीस, दर चैत्रात मी तुझं तुला द्यायची. मग सातवी झाली. आपली शाळा तिथवरच, पुढं दुसऱ्या गावी. दसऱ्याच्या आसपास तुझ्या लग्नाची बोलणी कानावर आली. बाई शाळा सुटल्यावर तडक तुझ्या अण्णांकडं गेल्या, मीही होते बरोबर. तू चुलीपाशी होतीस, मान वर केली नाहीस.

अण्णा वाईट माणूस नव्हता. हात जोडून म्हणाला, "बाई, तुमचं म्हणणं खरं हाय. पण पोर थोरली झाली. आमी निम्मं वर्स तिकडं, हितं म्हातारी बी राहिली न्हाई. कुणाच्या भरवशावर ठिवू? अन् संगं न्यावी तर कोपीला दार असतं का, बाई?"

"माझ्या घरी ठेवा," बाई म्हणाल्या. "गेवराईला. माझ्या लेकीबरोबर राहील, शाळेत जाईल."

"लई उपकार हायेत तुमचे. पण लोकं काय म्हणतील? पोर दुसऱ्याच्या दारात टाकली म्हणतील."

"मी म्हणू देत नाही कुणाला."

"तुमी किती तोंडं धराल, बाई?"

  मीही पुढं होऊन माझं घर दाखवलं, माझ्यापाशी ठेव म्हटलं, पण अण्णा म्हणाला, मावशी, तुमचंच एकलीचं निभंना. खरंच होतं ते. तुझ्या लग्नाला बाई आल्या, मांडवात मागं उभ्या राहिल्या, अक्षता टाकल्या आणि जेवण न करता एसटी धरली. दिवाळीनंतर तू नवऱ्याबरोबर उसाला, कोयत्याला गेलीस. बाईंनी वर्गात हजेरी घेतली. तुझं नाव आता कुठल्याच हजेरीत नव्हतं. तरी शेवटी त्या थांबल्या आणि म्हणाल्या, "अर्चना!" लहान पोरं एकमेकांकडं बघायला लागली. मी कढईपाशी होते. पळी तशीच हातात धरून मी उत्तर दिलं, "तिचं माझ्यापाशी हाय, बाई."

ते नाव त्यांनी पुढं कधीच बंद केलं नाही. आणि नाव घेतलं जातंय म्हटल्यावर मला तरी कुठं थांबता येतंय? बबन पुढच्या शाळेत जायचा, त्याची जुनी पुस्तकं मी घेतली. आठवीचं, नववीचं, दहावीचं. इतिहास मला फार आवडला. मराठीचे धडे तर वाचताना चूल विझायची. गणितानं छळलं, पण बाई दुपारच्या सुट्टीत समजावून सांगायच्या. इंग्रजी काही जमलं नाही, खोटं कशाला बोलू, ते तू बबनकडून घे. कपिलधारला दर्शनाला जायची मी, तर धबधब्यापाशीसुद्धा पिशवीत पुस्तक. आमच्या जावा हसायच्या, म्हातारपणी कसली परीक्षा देतेय म्हणून. मी म्हणायची, माझी नाही गं बायांनो. दुसरीची आहे.

मग तो गेवराईच्या स्टँडवरचा दिवस. तुलाही आठवत असेल, म्हणून सांगते. तुमचा ट्रक हमरस्त्याला थांबला होता, तू पोर कडेवर घेऊन पाणी भरायला उतरलीस, आणि बाई समोरून आल्या. तू पदर ओढून घेतलास आणि टपरीच्या मागं गेलीस. बाईंनी पाहिलं होतं तुला. दुसऱ्या दिवशी माझ्यापाशी बसून म्हणाल्या, "मावशी, तिनं तोंड फिरवलं. मी काय रागावणार होते का? मला नुसतं तिचं लेकरू बघायचं होतं." खडू हातात फिरवत राहिल्या, मोडेपर्यंत. तू लाजेनं लपलीस हे त्यांना कळलं होतं, अर्चे, पण लाज कसली, हे त्यांना शेवटपर्यंत समजलं नाही. मलाही नाही. धडा अर्धा राहिला की पोराचा दोष असतो, असं त्या शाळेत तुला कुणी कधी शिकवलं होतं का?

मागच्या उन्हाळ्यात त्यांचं पोट दुखायला लागलं. त्यांनी अंगावर काढलं, बायका काढतात तसं. संभाजीनगरला नेलं तोवर दुखणं पुढं गेलं होतं. औषधांनी सगळे केस गेले. मी भेटायला गेले तेव्हा डोक्याला रुमाल बांधून बसल्या होत्या, मला बघून म्हणाल्या, "मावशी, आता खडू कुठं खोवू?" हसल्या. मला हसता आलं नाही. उशाशी गोळ्यांची रास. मी म्हटलं, "बाई, ह्यातल्या अर्ध्या मला द्या. एक तुमची, एक माझी." त्यांना बबन आठवला. पोट धरून हसल्या, मग डोळे मिटून पडल्या. "ज्याचं त्यालाच गिळावं लागतं," म्हणाल्या.

पावसाळ्यात मी आठवडाभर त्यांच्याकडंच राहिले. त्यांची लेक दमली होती. एका दुपारी ताप चढला आणि बाई एकाएकी स्वच्छ आवाजात हजेरी घ्यायला लागल्या. तीच नावं, त्याच क्रमानं. लेक रडायला लागली, "मावशी, आई बरळतीय." मी तिला म्हटलं, बरळत नाही गं, शाळा भरलीय. आणि मी उत्तरं द्यायला लागले. "दत्ता!" "त्याचं बबनपाशी हाय, बाई." एकेकाचं सांगत गेले, ज्याचं ठाऊक होतं त्याचं, आणि नव्हतं त्याचंही. शेवटी त्या थांबल्या. मला ठाऊक होतं आता कुणाचं नाव येणार.

"अर्चना!"

"तिचं माझ्यापाशी हाय, बाई."

त्यांनी डोळे उघडले. माझ्याकडं नीट ओळखून पाहिलं. "अजून?"

"हो, बाई."

"मग मावशी, ते तुमचं नाही. देऊन टाका तिला."

त्यानंतर दोन दिवसांनी गेल्या. गोदागंगेच्या काठाला नेलं. बबन आला होता, दत्त्याही आला होता, दोघांनी एका बाजूनं खांदा दिला. मी घाटावर उभी राहून बघत होते आणि माझ्या डोक्यात एकच, की बाईंचं कुणापाशी आहे? बाईंचं आता कोण सांभाळणार?

शाळेत नवे सर आलेत, पोरगेलेसे, चांगले आहेत. मी आता खिचडी करत नाही, माझ्या हातात कढई पेलत नाही. पण दिवाळीनंतर मी व्हरांड्यात जाऊन बसणार आहे, असं त्यांना सांगून ठेवलंय. ते म्हणाले, "कशाला, आजी?" मी म्हटलं, हजेरीला.

तुझी लेक आता सहा वर्षांची झाली असेल. पितृपक्ष चाललाय, बाईंच्या नावानं मी कावळ्याला घास ठेवला. दसरा होईल, मग टोळ्या भरतील. अर्चे, माझं घर दाखवलं होतं ते अजून तिथंच आहे, आणि आता मी एकली आहे म्हणून निभणार नाही असं म्हणायला अण्णाही राहिला नाही. पोरीला माझ्यापाशी ठेव नाहीतर नको ठेवू, त्यात मी तुझ्यावर जोर करणार नाही. ठेवली नाहीस तर तिचंही सांभाळणारं कुणीतरी बघू. पण तुझं तू घेऊन जा गं. आठवी, नववी, दहावी, सगळं घासूनपुसून ठेवलंय. बबन म्हणतो, शाळेत न जाता बाहेरून परीक्षेला बसता येतं. बसायचं की नाही ते तुझं तू ठरव. मला फक्त देऊन टाकायचं आहे. माझे डोळे आता दुपारनंतर साथ देत नाहीत, आणि हे असं ओझं आहे की मी गेले तर ते कुणाच्याच हाती लागणार नाही.

टोळी निघायच्या आत ये. लेकीला घेऊन ये, तिला जाताना शाळेवरून आण, तुझं खिडकीखालचं बस्कर दाखव. बाईंच्या घरीही जाऊन येऊ आपण. तोंड फिरवायचं असेल तर माझ्या दारात येऊन फिरव, मी चहा टाकेपर्यंत तसंच राहा. पण ये, अर्चे. लवकर ये.